लॉर्ड स्टॅन्ले आणि गुलाबांचें युद्ध

इ. स. १४५५ पासून सुमारें तीस वर्षें इंग्लंडांत लँकेस्टर व यॉर्क या दोन घराण्यांमध्यें सिंहासनासाठीं जो कलह चालला, त्यास ‘गुलाबांचें युद्ध’ म्हणतात. त्यांत कित्येक सरदार रणांत पडले, कित्येकांचीं शिरें कुऱ्हाडीखालीं गेलीं. लँकेशायर व चेशायर परगण्यांतील बलाढ्य सरदार टॉमस लॉर्ड स्टॅन्ले यास मात्र १५०४ सालीं अंथरुणावर मरण आलें.

त्याची रीत १४५९ मध्येंच दिसून आली. ब्लोअर हीथ येथें लँकेस्टर पक्षाची फौज लढत असतां तो सुमारें दोन हजार माणसांनिशीं अवघ्या कांहीं मैलांवर होता. राणी मार्गारेटकडे ‘येतों’ म्हणून निरोप गेले. स्टॅन्ले कांहीं गेला नाहीं. धाकटा भाऊ विल्यम तर यॉर्कच्या बाजूनें लढला! दोन्ही डगरींवर हात ठेवणें म्हणतात तें हेंच. त्यास राजद्रोही ठरवावें असा अर्ज पार्लमेंटांत झाला; परंतु राजा सहावा हेन्री यानें तो मानला नाहीं. एवढा मोठा जमीनदार दुखविणें कोणासच परवडत नव्हतें.

पुढें १४७० मध्यें त्याचा मेहुणा अर्ल ऑफ वॉरिक यानें पदच्युत हेन्रीस पुन्हां गादीवर बसविलें, तेव्हां स्टॅन्ले तिकडे वळला. वर्षभरांत वॉरिक रणांत पडला, आणि स्टॅन्ले विजयी चौथ्या एडवर्डच्या वाड्याचा कारभारी झाला!

एडवर्डच्या मागें मात्र प्रसंग कठीण आला. १३ जून १४८३ रोजीं लंडनच्या टॉवरमधील सभेंत रिचर्डनें लॉर्ड हेस्टिंग्जला पकडून त्याच दिवशीं त्याचा शिरच्छेद करविला. स्टॅन्लेही कैद झाला. पण महिना उलटण्यापूर्वींच तिसऱ्या रिचर्डच्या राज्याभिषेकांत तो मानाची गदा घेऊन चालला. त्याची दुसरी पत्नी मार्गारेट बोफर्ट ही हेन्री ट्यूडरची माता. त्या वर्षींच्या बंडांत तिचा हात दिसून आला, तेव्हां रिचर्डनें तिची मालमत्ता काढून घेतली आणि ती नवऱ्याच्याच स्वाधीन केली. यास शिक्षा म्हणावें कीं बक्षीस?

१४८५ मध्यें हेन्री ट्यूडर वेल्सच्या किनाऱ्यावर उतरला. सावध रिचर्डनें स्टॅन्लेचा थोरला मुलगा लॉर्ड स्ट्रेंज यास आधींच ओलीस ठेवलें होतें. राजाचें बोलावणें आलें, तेव्हां स्टॅन्लेनें घामाच्या तापाची सबब सांगितली. २२ ऑगस्टला बॉस्वर्थच्या रणांगणाजवळ त्याची फौज स्वस्थ उभी राहिली. मुलाचा जीव जाईल अशी धमकी आली असतां, ‘मला आणखी मुलगे आहेत’ असें त्यानें उत्तर दिल्याची दंतकथा आहे. उत्तर खरें असो वा नसो, पोटच्या पोराचा जीव त्यानें पणास लावला हें खरें; आणि त्याचें धोरण कितीही व्यवहारी मानलें, तरी येथें मन कचरतें. मुलगा वांचला, पण त्यांत बापाचें कर्तृत्व नव्हतें.

रिचर्डनें थेट हेन्रीवर घोडा घातला, तेव्हां विल्यम स्टॅन्ले आपल्या लोकांसह तुटून पडला आणि रिचर्ड मारला गेला. स्वतः थोरल्या स्टॅन्लेनें तलवार उचलल्याचें दिसत नाहीं. तरी डर्बीचा अर्ल ही पदवी त्यासच मिळाली. आणि ज्या विल्यमनें हेन्रीचे प्राण राखले, त्याचा फितुरीच्या आरोपावरून फेब्रुवारी १४९५ मध्यें शिरच्छेद झाला. त्याच उन्हाळ्यांत राजा सातवा हेन्री लॅथम येथें स्टॅन्लेच्या घरीं पाहुणा म्हणून राहिला.