पानिपताचा दुसरा डाव : कालप्रवासाची कथा आणि पाळीचा खेळ

१

‘पानिपत झाले’ असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा त्याला हरियाणातील एक गाव अभिप्रेत नसते. सर्वनाश अभिप्रेत असतो. एका स्थलनामाचे असे सामान्यनाम व्हावे, यातच त्या घटनेची मराठी मनावरील पकड दिसून येते. १४ जानेवारी १७६१ या दिवसाकडे मराठी लेखन वारंवार परतले आहे. ‘भाऊसाहेबांची बखर’ शोकाच्या अंगाने परतली, त्र्यंबक शंकर शेजवलकर साधनांच्या चिकित्सेतून परतले, विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ (१९८८) ही कादंबरी त्या रणांगणातील माणसांना बोलते करीत परतली. या सर्व परतण्यांच्या तळाशी एकच वाक्यरचना आढळते : जर असे झाले असते, तर. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर. भाऊ हत्तीवरून उतरले नसते तर.

मात्र हा ‘जर’ सर्व ठिकाणांहून सारखा दिसत नाही. नागपूर जिल्ह्याच्या आग्नेयेकडील भिवापूरच्या बाजूने पाहू लागले की त्याचे स्वरूप पालटते. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. आणि भोसल्यांची फौज त्या दिवशी पानिपतावर नव्हतीच. येथील राज्य बुडाले ते लढाईत नव्हे. तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि १८५४ साली डलहौसीच्या धोरणाने ते खालसा झाले. पुण्याला जो क्षण निर्णायक वाटतो तो भिवापूरला तसा वाटेलच असे नाही. म्हणजे इतिहासाचा ‘निर्णायक क्षण’ हा घटनेचा गुणधर्म नसून पाहणाऱ्याच्या जागेशी बांधलेला असतो. कालप्रवासाची कथा या जागेचे काय करते, आणि तीच कथा खेळाच्या रूपबंधात शिरली म्हणजे काय होते, हा येथील प्रश्न आहे.

२

कालप्रवास ही कल्पना मराठी वाचकाला केवळ पाश्चात्त्य विज्ञानकथेतून मिळाली, असे मानण्याचे कारण नाही. विष्णुपुराणात आणि भागवतात रैवत ककुद्मीची कथा येते. मुलीसाठी, रेवतीसाठी, योग्य वर कोण हे विचारण्यास तो ब्रह्मलोकी जातो. तेथे गायन चालू असते. ते संपेपर्यंत तो थांबतो. मग त्याला कळते की या थांबण्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली आणि त्याने मनात योजलेले सारे वर, त्यांचे पुत्रपौत्र, त्यांची गोत्रेसुद्धा नाहीशी झाली. या कथेत प्रवासी काळातून जात नाही. काळच त्याच्या बाजूने निघून जातो. त्याला काही बदलता येत नाही. जे उरले आहे त्याच्याशी जुळवून घेणे एवढेच त्याच्या हाती असते. रेवती बलरामाला दिली जाते.

एच. जी. वेल्स यांच्या ‘द टाइम मशीन’ने (१८९५) या प्रवासाला यंत्र दिले, म्हणजे इच्छा दिली. प्रवासी आता स्वतः ठरवून निघतो. तथापि त्याचेही काम मुख्यतः पाहण्याचे आणि परत येऊन सांगण्याचे राहिले. मराठीत १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. ते नाव जयंत नारळीकरांनी (१९३८–२०२५) घेतलेले होते. कृष्णविवराजवळ काळाची गती मंदावते या वैज्ञानिक कल्पनेवर ती उभी आहे. तिची भाषा सापेक्षतावादाची असली तरी तिचा सांगाडा रैवताच्या कथेला फार परका नाही.

नारळीकरांच्याच ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत मात्र प्रश्न थेट इतिहासाच्या मर्मावर येतो. अपघातात सापडलेले इतिहासाचे अभ्यासक गंगाधरपंत गायतोंडे एका वेगळ्या हिंदुस्थानात येऊन पोचतात. तेथे मराठे पानिपतावर जिंकलेले आहेत. मुंबईत मुलाचा शोध घ्यावा तर तो तेथे नाही. शेवटी ते ग्रंथालयात जातात आणि इतिहासाचे खंड चाळू लागतात. दोन इतिहास नेमके कोठे फुटले हे त्यांना एका बखरीत सापडते. विश्वासरावांच्या कानाजवळून गोळी चाटून गेली, एवढाच तो फरक. एका गोळीच्या वाटेतील किंचित अंतर, आणि त्यातून दोन जगे.

कथनमीमांसेच्या दृष्टीने येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. गंगाधरपंत दुसऱ्या इतिहासात शिरतात ते वाचक म्हणून. त्यांची सर्वांत मोठी कृती म्हणजे पुस्तक उघडणे. सभेतील रिकाम्या अध्यक्षीय खुर्चीचा मोह होऊन ते व्यासपीठावर चढतात आणि बोलू लागतात, तेव्हा श्रोते त्यांना खाली खेचतात. त्या इतिहासाला या पाहुण्याचे कर्तेपण नको आहे. परत आल्यावर बखरीचे फाटके पान तेवढे पुरावा म्हणून उरते. रैवतापासून गंगाधरपंतांपर्यंत कालप्रवासी साक्षीच राहिला, आणि इतिहास बदलण्याचे काम योगायोगाकडे राहिले.

३

साक्षीला कर्ता करावयाचे तर कथेला पाळी लागते. कथेत वाचकाची पाळी येत नाही. खेळात ती येते. मराठीत यासाठी जी शब्दसंपत्ती आहे ती पुरेशी बोलकी आहे : डाव, दान, पाळी, भिडू, सोंगटी, मुलांच्या खेळात येणारे राज्य. यांपैकी ‘दान’ हा शब्द विशेष. ते पडते, पाडता येत नाही. पण पडलेल्या दानावर कोणती सोंगटी चालवावी हे खेळणाराच ठरवतो. दैव आणि पुरुषार्थ यांची इतकी नेमकी वाटणी तत्त्वचर्चेतही क्वचितच सापडेल.

परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडलेल्या मोक्षपटात ही वाटणी दैवाकडे झुकते. घरांना सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावे. शिडी वर नेते, साप खाली आणतो. मात्र खेळणाऱ्याला निवड नसते. पश्चिम भारतातील अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील अशा ज्ञानचौपडींचा सविस्तर अभ्यास जेकब श्मिट-मॅडसन यांनी कोपनहेगन विद्यापीठातील आपल्या प्रबंधात (२०१९) केला आहे. दुसऱ्या टोकाला महाभारतातील द्यूत आहे, आणि त्यातही अनुद्यूत. पहिल्या डावात गेलेले सारे धृतराष्ट्राने परत दिले. काळ जणू मागे फिरवला गेला. तरीही युधिष्ठिर पुन्हा पटावर बसला आणि पांडवांना वनवास पत्करावा लागला. दुसरा डाव मिळाला म्हणजे दुसरा इतिहास मिळतोच असे नाही, हे या परंपरेला ठाऊक होते.

पाळी आणि भूमिका यांची आधुनिक सांगड १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने घातली. फासे पडतात, पण खेळणारा सोंगटी न चालवता एका पात्राच्या वतीने बोलतो आणि निर्णय घेतो. जपानमध्ये युजी होरी यांच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने (१९८६) आणि हिरोनोबू साकागुची यांच्या ‘फायनल फँटसी’ने (१९८७) हा प्रकार व्हिडिओ गेममध्ये रुजवला. हे दोघे आणि चित्रकार अकिरा तोरियामा एकत्र आले, आणि ‘द टाइम मशीन’ला शंभर वर्षे होत असता, ११ मार्च १९९५ रोजी, स्क्वेअर कंपनीचा ‘क्रोनो ट्रिगर’ प्रसिद्ध झाला. यातील लढतीची पाळी निखळ नाही. प्रत्येक पात्राची पाळी एका पट्टीवर हळूहळू भरत जाते, आणि खेळणारा विचार करीत बसला तर शत्रू थांबेलच असे नाही. पाळीच येथे काळाच्या अधीन केलेली आहे.

४

‘क्रोनो ट्रिगर’चे कथासूत्र भव्य आहे. क्रोनो आणि त्याचे भिडू इ.स. १००० मधून निघतात; ६००, २३००, इ.स.पू. १२,००० आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळ अशी ये-जा करतात. लाव्होस नावाचा प्राणी आदिकाळी पृथ्वीत शिरून झोपलेला आहे आणि १९९९ साली तो जगाचा विध्वंस करणार आहे. तो टाळावयाचा, एवढे ध्येय. पण या भव्य चौकटीत खेळ जे करतो ते पानिपताच्या ‘जर-तर’च्या नेमके उलट आहे.

पहिली गोष्ट : एका खलपुरुषाला संपवले की इतिहास सुधारेल, ही आशा खेळ आधी दाखवतो आणि मग मोडतो. इ.स. ६०० मधील जादूगार मॅगसने लाव्होसला निर्माण केले, असे भिड्यांना वाटते. त्याच्या किल्ल्यात मोठी लढत होते. नंतर कळते की त्याने लाव्होसला फक्त आवाहन केले होते. संकट त्याच्या कितीतरी आधीचे आहे. निर्णायक वाटलेली लढाई निर्णायक नव्हती. एका गोळीवर साम्राज्याचे भवितव्य टांगणाऱ्या कल्पनेला याहून सरळ उत्तर देणे कठीण.

दुसरी गोष्ट : खरे परिणाम क्षुल्लक कृतींचे होतात. आरंभीच्या जत्रेत खेळणाऱ्याने कोणाचे जेवण खाल्ले, हरवलेली मांजर मुलीला नेऊन दिली की नाही, धक्का लागून पडलेल्या मुलीची आधी विचारपूस केली की तिचे पदक उचलले, हे सारे खेळ मुकाट्याने टिपून ठेवतो आणि पुढे राजदरबारातील खटल्यात पुरावा म्हणून मांडतो. निकाल काहीही लागो, तुरुंग चुकत नाही. पण आपले वागणे कोणीतरी नोंदवीत होते हे कळल्यावर पुढचा खेळ पूर्वीसारखा खेळला जात नाही. पोर नावाच्या गावी इ.स. १००० मधील नगरप्रमुख कंजूष आणि उर्मट आहे. चार शतके मागे जाऊन त्याच्या पूर्वज स्त्रीला वाळवलेले मांस फुकट दिले, तर ती मुलांना औदार्य शिकवते आणि वंशजाचा स्वभाव पालटतो. तेच मांस विकले, तर पालटत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. इ.स. ६०० मध्ये फियोना नावाची स्त्री वाळवंटात जंगल पुन्हा उभे करू पाहते. रोबो हा यंत्रमानव तिच्या मदतीला मागे राहतो. भिडू कालयानात बसून चारशे वर्षे ओलांडतात, क्षणात. रोबो तीच चारशे वर्षे जमीन कसत घालवतो. इ.स. १००० मध्ये तेथे जंगल उभे असते. एकाच अंतराचे दोन प्रवास येथे समोरासमोर ठेवलेले आहेत : एक उडी मारून पार केलेला, दुसरा श्रमाने. खेळाने आपल्याच कालयंत्रावर केलेली ही टीका आहे. त्याच रात्री शेकोटीपाशी रोबो सुचवतो की काळाची ही द्वारे आपल्यासाठी उघडलेली नसावीत. कोणीतरी आपले गतायुष्य पुन्हा पाहत असावे. निवेदक कोण, हा प्रश्न असा नायकांच्या हातून निसटतो. आठवणारे कोणी दुसरेच आहे.

क्रोनोचा मृत्यूही याच दृष्टीने पाहता येतो. कथेच्या मध्यावर नायक मरतो. पुढे त्याला परत आणता येते, पण ते ऐच्छिक आहे. आणि आणावयाची रीत अशी की मृत्यूच्या नेमक्या क्षणी त्याच्या जागी त्याचीच प्रतिकृती असलेला बाहुला ठेवावयाचा. जे दिसले ते जसेच्या तसे राहते. फक्त त्याचा अर्थ बदलतो. विश्वासरावांच्या बाबतीत नारळीकरांनी गोळीची वाट बदलली. येथे दृश्याला हात न लावता साक्षीच्या ज्ञानात बदल केला आहे. इतिहासलेखनाच्या व्यवहाराला दुसरी रीत अधिक जवळची म्हणावी लागेल. इतिहासकार मृतांना उठवीत नाही. जे घडले त्याचे आकलन पालटवतो.

५

या खेळावर आक्षेप घेता येतील. खेळणाऱ्याला मागील टप्प्यावर परतता येते, हरल्याची किंमत नाममात्र असते, आणि एकदा खेळ संपवल्यावर मिळवलेल्या बळानिशी तो पुन्हा आरंभापासून खेळून डझनभर वेगवेगळे शेवट पाहता येतात. इतिहासात अशी मुभा कोणालाच नसते. शिवाय इ.स.पू. १२,००० मधील झील राज्यात काही लोक ढगांवर ज्ञानात राहतात आणि उरलेले खाली बर्फाळ गुहांत. ही उतरंड खेळणारा पाहतो, मोडू मात्र शकत नाही. ती कोसळते ती आपत्तीने. वर्णव्यवस्थेच्या इतिहासात वाढलेल्या मराठी वाचकाला ही उणीव चटकन जाणवेल. व्यक्तीच्या पाळीला रचना बदलता येते काय, हा प्रश्न खेळाने अनुत्तरित ठेवला आहे.

तरीही कालप्रवासाच्या मराठी चर्चेला या खेळाकडून काही घेण्यासारखे आहे. ‘पानिपत जिंकले असते तर’ या प्रश्नात पराभवाची जबाबदारी एका क्षणावर आणि एका दोन माणसांवर टाकून मोकळे होण्याची सोय असते. उरलेली सारी माणसे आणि सारे मुलूख त्या प्रश्नात प्रेक्षक ठरतात. त्यांना राज्य कधी येतच नाही. भिवापूर आज ओळखले जाते ते भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरचीमुळे. ते वाण टिकले त्याला कोणताही निर्णायक दिवस नाही. वर्षानुवर्षे निवडून राखलेले बी, पुन्हा केलेली लावणी, संकरित वाणांच्या रेट्यातही काही शेतांत चालू राहिलेला हट्ट, एवढीच त्याची बखर. आणि ती कोणी लिहिली नाही. रोबोची चारशे वर्षे याच जातीची आहेत. पर्यायी इतिहासाची मराठी कथा पुढे लिहिली जाईल तेव्हा तिने गोळीच्या वाटेबरोबर अशा बियाण्याची वाटही शोधावी. कारण बहुसंख्यांची पाळी आली असेल तर ती तेथेच.