यादीबाहेरचा माणूस

क्रांती चौकातून माझं रोजचं जाणं-येणं. त्या गर्दीत शिवाजी महाराजांच्या पुतळ्याकडे सगळ्यांच्या माना वळतात. तिथल्याच काळ्या चबुतऱ्याकडे मात्र फार थोड्यांचं लक्ष जातं. चौकाला क्रांतीचं नाव मिळालं ते या चबुतऱ्याच्या आठवणीमुळं.

जून १८५७. तेव्हाच्या औरंगाबादच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटचं पहिलं घोडदळ होतं. पैसा निजामाचा, हुकूम गोऱ्या साहेबाचा. आपल्याला दिल्लीला, बादशहाविरुद्ध लढायला नेणार अशी कुणकुण स्वारांना लागली. त्यांनी सांगून टाकलं, आमची चाकरी दख्खनपुरती. पुण्याकडून जनरल वुडबर्न फौज घेऊन आला. स्वारांना घोड्यांविना मैदानावर उभं करण्यात आलं, समोर तोफा. मग बंडवाल्यांची नावं पुकारायला सुरुवात झाली.

तेवढ्यात एक जमादार ओरडला, हे सगळं खोटं आहे! सोबत्यांना त्यानं हत्यारं भरायला सांगितलं. आणि वुडबर्नला तोफ डागता येईना. कारण यादीतले आणि यादीबाहेरचे एकाच जागी मिसळून उभे होते. तेवढ्या वेळात कित्येक जण घोडे गाठून निसटले. जे हाती लागले त्यांतले काही फासावर गेले, काही गोळीनं, काही तोफेच्या तोंडी.

मला कुतूहल वाटतं ते यादीत नाव नसलेल्यांचं. दहा पावलं बाजूला सरकले असते तर नोकरी शाबूत होती. दोस्तीखातर थांबले की नुसते भांबावले, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण ते तिथं होते म्हणून तोफ थांबली.

याद्या आताही असतात. आमच्या कॉलेजच्या वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. ईदला शुभेच्छांचा पाऊस पडतो, माझ्या कवितेखाली अंगठे उमटतात. फेसबुकवर तर माझे हजारावर 'मित्र' आहेत. त्यातले निम्मे समोर आले तर ओळखणार नाही. एकदा शहरात तणाव असताना त्या ग्रुपवर कुणीतरी 'या लोकांना' म्हणून एक मजकूर पुढं ढकलला. 'या लोकांत' मी एकटाच होतो. सगळ्यांनी वाचलं असणार. कुणी बोलेना. मीही नाही; काय बोलणार?

रात्री अकराला एकानं लिहिलं : "हा माझ्या घरी जेवतो. यापुढं काही टाकायचं तर माझंही नाव घालून टाका." मजकूर पुसला गेला.

हा गृहस्थ वर्षातून दोनदा फोन करणारा. माझ्या कवितेला त्यानं कधी अंगठा दिलेला नाही. पुढच्या आठवड्यात चौकातल्या टपरीवर भेटला तेव्हा मी तेच बोलून दाखवलं.

"कळत नाहीत रे तुझ्या कविता," चहा बशीत ओतत तो म्हणाला, "उगाच खोटा अंगठा कशाला देऊ?"