आधी जमीन, मग रंग

भित्तिचित्रांचा विषय निघाला की आपण थेट रंगांवर येतो. चित्रकार कोण, भिंत किती उंच, फोटो कुठून छान येतो. अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरातल्या ‘चिकानो पार्क’चा इतिहास वाचल्यापासून मला मात्र आधी दुसराच प्रश्न पडतो: ती भिंत ज्या जमिनीवर उभी आहे, ती कोणाची?

मेक्सिकोच्या सीमेजवळच्या या शहरात खाडीकाठी लोगन हाइट्स ही वस्ती आहे. १९१० च्या मेक्सिकन क्रांतीनंतर तिथे सीमेपलीकडून आलेली कुटुंबं वाढत गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौदल आणि कारखान्यांनी किनारा व्यापला आणि वस्तीचं पाणी तुटलं. १९५० च्या दशकात जमीनवापराचे नियम बदलले, घरांना खेटून भंगारवाले आले. १९६३ मध्ये हायवेने वस्ती मधोमध चिरली. १९६९ मध्ये कोरोनाडोला जाणारा पूल झाला. घरं पाडली गेली; जे उरले त्यांच्या डोक्यावर पूल आला आणि दारात त्याचे खांब.

लोकांनी बदल्यात पुलाखाली एक बाग मागितली. तसा शब्दही मिळाला. पण २२ एप्रिल १९७० ला तिथे बुलडोझर आले. एका विद्यार्थ्याने चौकशी केली तेव्हा कळलं, बाग नाही, हायवे पोलिसांचं ठाणं होणार आहे. बातमी घरोघर गेली. पोरं, बाया, म्हातारी माणसं हातात हात धरून बुलडोझरपुढे उभी राहिली. मग त्यांनी कुदळी-फावडी घेऊन तिथेच निवडुंग आणि फुलझाडं लावली. टेलिफोनच्या खांबावर चिकानो झेंडा चढला. बारा दिवस लोक हटले नाहीत. शेवटी सरकारला बोलणी करावी लागली आणि बाग मिळाली.

तोवर एकाही खांबाला रंग लागलेला नव्हता, हे मला महत्त्वाचं वाटतं. साल्वादोर टोरेस या तिथेच वाढलेल्या चित्रकाराच्या डोक्यात कल्पना होती: ज्या काँक्रीटने वस्ती मोडली, त्याच काँक्रीटवर वस्तीची गोष्ट लिहायची. १९७३ मध्ये काम सुरू झालं. चित्रकारांबरोबर शेजारपाजारच्यांनीही ब्रश धरले. खांबांवर ॲझ्टेक देवता आल्या, ग्वादालूपेची माता आली, क्रांतिकारक झापाटा आला, शेतमजुरांचे नेते सेझार चावेझ आले. आणि जमिनीचा तो लढाही आला. आज तिथे ८० हून अधिक चित्रं आहेत.

चित्रं काढणं एकदाच असतं, राखणं रोजचं. १९९० च्या दशकात भूकंपाच्या धास्तीने पुलाचे खांब मजबूत करायचं ठरलं, तेव्हा चित्रं जायची वेळ आली. वस्ती पुन्हा उभी राहिली आणि चित्रं वाचवूनच काम करावं लागलं. पुढे त्याच सरकारी यंत्रणेच्या पैशातून जुन्या चित्रांची डागडुजी झाली. डिसेंबर २०१६ मध्ये या बागेला अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

त्याच्या दोनच महिने आधी, ऑक्टोबरमध्ये, बागेत कार्यक्रम चालू असताना वरच्या पुलावरून एक पिकअप ट्रक खाली गर्दीत कोसळला. चार माणसं गेली. रंगाने पूल नाहीसा होत नाही. तो आजही डोक्यावर आहे, आणि आता वस्तीत वाढती भाडीही आली आहेत. चित्रांमुळे नाव झालेल्या जागेत जुन्या लोकांना राहणं परवडेल का, हा तिथला आजचा प्रश्न आहे.

म्हणून रंगवलेला उड्डाणपूल दिसला की मला त्याच्या सावलीतली माणसं शोधावीशी वाटतात. त्यांना कोणी विचारलं होतं का? उद्या चुना फासायला कोणी आलं, तर आडवं कोण येईल? चिकानो पार्कमध्ये दरवर्षी एप्रिलमध्ये लोक जमतात, नाचतात, सजवलेल्या गाड्या आणतात. तो वाढदिवस साजरा होतो बुलडोझर अडवल्याच्या दिवसाचा; पहिलं चित्र काढल्याच्या दिवसाचा नाही.