हायड्रोजनचें कूळ

ऋषीचें कूळ व नदीचें मूळ विचारूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारगाडीच्या बाबतींत मात्र हा संकेत मोडल्यावांचून गत्यंतर नाहीं. डिसेंबर २०१४ मध्यें टोयोटा कंपनीनें जपानांत 'मिराई' ही गाडी विक्रीस आणली. तिच्या नळींतून धुराऐवजीं पाणी बाहेर पडतें, हें खरें. परंतु टाकींतला हायड्रोजन कोठून आला, हें पुसल्याशिवाय तिला निर्मळ म्हणणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

हायड्रोजन पृथ्वीवर विपुल आहे, पण मोकळा क्वचितच सांपडतो. तो दुसऱ्या कशापासून तरी सोडवून घ्यावा लागतो, आणि त्या सोडवणुकीचें मोल द्यावें लागतें. १७६६ त कॅव्हेंडिश यानें धातू व अम्ल यांपासून निघणाऱ्या या ज्वालाग्राही वायूचें वर्णन केलें. १७८३ च्या ऑगस्टांत जॅक शार्ल यानें पॅरिस येथें या वायूनें भरलेला मोठा फुगा आकाशांत सोडला, तेव्हां लोखंड व गंधकाम्ल खर्ची पडलें. १८०० सालीं लंडनमध्यें निकल्सन व कार्लाइल यांनीं विजेनें पाण्याचें पृथक्करण केलें. आणि १८३९ च्या सुमारास विल्यम ग्रोव्ह यानें उलट क्रिया साधून हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगांतून वीज मिळविली. आजच्या गाडीचें सारें मूलतत्त्व असें पावणेदोनशें वर्षांपूर्वींच सिद्ध झालें होतें.

मग अडलें कोठें? शास्त्रांत नव्हे, हिशेबांत. नॉर्वेंतील व्हेमोर्क येथें धबधब्याच्या विजेनें पाण्यांतून हायड्रोजन काढणारा कारखाना १९२९ च्या सुमारास सुरू झाला. आपल्याकडे नांगलच्या खत-कारखान्यानें १९६१ पासून भाक्राच्या विजेवर तोच मार्ग धरला. परंतु विजेस इतर गिऱ्हाइकें वाढलीं, तेल व नैसर्गिक वायू यांपासून हायड्रोजन काढणें सोयीचें ठरलें, आणि ही स्वच्छ वाट मागें पडली.

आज जगांतील बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू व कोळसा यांपासूनच निघतो. वायूपासून एक किलो हायड्रोजन मिळवितांना सुमारें ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो. गाडी निर्मळ, कारखाना मळका! पाण्यापासून काढावा, तर किलोमागें ५० हून अधिक युनिट वीज लागते. ती कोळशाची असेल, तर दोष कमी न होतां वाढतोच. शिवाय तेवढ्याच विजेवर बॅटरीची गाडी दुपटीहून अधिक अंतर कापते.

जानेवारी २०२३ मध्यें भारत सरकारनें राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहीम मंजूर केली. २०३० पर्यंत वर्षास ५० लाख टन हें तिचें उद्दिष्ट. आम्ही तिचें स्वागतच करितों. मात्र सूर्य व वारा यांची वीज जोंवर अपुरी आहे, तोंवर पहिला घास कोणाचा, हें आधीं ठरविलें पाहिजे. आमच्या मतें तो खताचा. खताच्या कारखान्यास हायड्रोजनवांचून चालत नाहीं. मोटारीस दुसरी वाट मोकळी आहे.