'महल'मधील भूत आणि न्यायालयांतील खुलासा

भुताच्या गोष्टीची खरी परीक्षा भूत दिसतें तेव्हां होत नाहीं. त्याचा निकाल लावण्याची वेळ येते तेव्हां होते. इंग्लंडांत अठराव्या शतकाच्या अखेरीस ॲन रॅडक्लिफ या कादंबरीकर्त्रीनें भुतांचा मागाहून लौकिक खुलासा देण्याची वहिवाट पाडली. हॉलिवुडांत टॉड ब्राउनिंगनें 1935 सालच्या 'मार्क ऑफ द व्हॅम्पायर'मध्यें रक्तपिपासु पिशाच्चें दाखविलीं आणि शेवटीं तीं भाडोत्री नट ठरविलीं. हिंदी बोलपटाला हा कित्ता घालून दिला तो मुंबईच्या उपनगरांतील एका संस्थेनें, मालाडच्या बॉम्बे टॉकीजनें, 'महल' या 1949 सालच्या चित्रांत.

ही संस्था हिमांशु राय व देविका राणी यांनीं 1934 सालीं काढली. तिचा छायालेखक योझेफ विर्शिंग हा जर्मन. 1939 सालीं युद्ध पेटतांच शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून तो स्थानबद्ध झाला. 1940 सालीं राय वारले. 1943 सालीं शशधर मुकर्जी, अशोककुमार आदि मंडळींनीं बाहेर पडून शेजारच्या गोरेगांवांत फिल्मिस्तान उभारलें. युद्धानंतर अशोककुमार मालाडला परतले, विर्शिंगहि परतला, आणि कमाल अमरोही या लेखकाच्या हातीं प्रथमच दिग्दर्शन सोंपविण्यांत आलें.

ओसाड वाडा, बुडून मेलेल्या जुन्या मालकाची तसबीर, आणि त्या तसबिरीचा चेहरा नव्या मालकाचा! झोपाळ्यावरची कामिनी दिसते न दिसते तोंच नाहींशी होते. विर्शिंगनें येथें उजेडापेक्षां अंधारच अधिक टिपला आहे. खेमचंद प्रकाश यांनीं चाल दिलेलें गाणें दुरून जवळ येत असल्याचा भास व्हावा म्हणून लता मंगेशकर यांस मायक्रोफोनकडे हळूहळू चालत येत गावें लागलें. पहिल्या तबकडीवर गायिकेचें नांव म्हणून 'कामिनी' असेंच छापलें गेलें. जणुं भूतच गात होतें.

आणि मग न्यायालय येतें. नायकाची उपेक्षित पत्नी विष घेऊन मरते व दोष पतीवर ठेवून जाते. त्या खटल्यांत उघड होतें कीं कामिनी म्हणजे वाड्याच्या माळ्याची मुलगी आशा. येथें प्रेक्षकाचा हिरमोड होतो. पण दोष खुलाशाचा नव्हे. माळ्याच्या मुलीनें जुन्या मालकिणीची कहाणी ऐकत वाढावें, रिकाम्या दालनांत तिचें सोंग घ्यावें, आणि जो एरवीं आपल्याकडे ढुंकूनहि पाहणार नाहीं त्या धन्याला त्या सोंगानें वेड लावावें, ही हकीकत कोणत्याहि भुतापेक्षां अधिक चटका लावणारी आहे. ती पडद्यावर घडावयास हवी होती; ती जबानींत उरकली. जें सावलीनें आणि सुरांनीं उभें केलें, तें वकिली प्रश्नोत्तरांनीं पाडलें. सत्य कळूनहि नायकाचें वेड उतरत नाहीं, इतकें मात्र दिग्दर्शकानें अचूक ओळखलें आहे.

चित्र अतोनात चाललें, आणि चाललेल्या चित्राचे दोषहि वारशानें उतरतात. 1962 सालच्या 'बीस साल बाद'मध्यें पछाडणाऱ्या स्त्रीआत्म्याआड एक सूडाला पेटलेला मनुष्य निघाला. 1964 सालच्या 'वह कौन थी'मध्यें जुळी बहीण आणि इस्टेटीचा लोभ. दोन्ही चित्रांतील गाणीं लोकांच्या तोंडीं राहिलीं. शेवट मात्र कोणाला धड आठवत नाहीं.

या दोहोंआधींच, 1958 सालीं, बिमल रॉय यांनीं वेगळी वाट दाखविली होती. मुंबईंत त्यांनीं आपलें पहिलें चित्र, 'मां' (1952), केलें तें मालाडच्या याच संस्थेसाठीं. त्यांच्या 'मधुमती'मध्यें मृत नायिकेचें सोंग घेणारी तोतया स्त्री प्रेक्षकाला आगाऊच ठाऊक असते. ती ठरल्या रात्रीं हवेलींत येते, अपराध्याला प्रश्न विचारते, तो कबुली देतो. पण तिनें विचारलेल्या गोष्टी तोतयाला ठाऊक असण्याचा संभवच नव्हता. इतक्यांत उशीर झाला म्हणून धांवत येते ती खरी तोतया! महलनें भूत देऊन काढून घेतलें; येथें खुलासा आधीं हातीं देऊन तोच काढून घेतला. तरीहि रॉय यांस प्रेक्षकाला रिकाम्या हातानें घरीं पाठविण्याचा धीर झाला नाहीं. आगगाडीच्या अपघातांतून सुखरूप वांचलेली पत्नी नायकाच्या स्वाधीन करूनच त्यांनीं पडदा टाकला.