‘प्रिव्ही’ : गोपनीयतेच्या एका इंग्रजी शब्दाचा राज्यकारभारातील प्रवास आणि मराठी पर्याय

प्रस्तावना :

एखादी खासगी वा गुप्त बाब ज्याला विश्वासाने कळविण्यात आली आहे, अशा व्यक्तीसाठी इंग्रजीत ‘प्रिव्ही’ हे विशेषण वापरले जाते. स्वतंत्र विशेषण म्हणून हा शब्द मराठीत रुजला नाही. तथापि ‘प्रिव्ही कौन्सिल’ व ‘प्रिव्ही पर्स’ या दोन जोडशब्दांच्या रूपाने त्याने भारतीय इतिहासात दीर्घकाळ स्थान मिळविले. प्रस्तुत निबंधात या शब्दाचा मूळ अर्थ, भारतात आल्यावर त्यात झालेले परिवर्तन आणि मराठीतील समांतर संज्ञा यांचा विचार केला आहे. शब्द लुप्त झाला तरी त्यामागील संस्था टिकून राहते काय, हा या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

शब्दाची व्युत्पत्ती व मूळ संदर्भ :

‘प्रिव्ही’ हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे मध्ययुगीन इंग्रजीत आला. ‘स्वतःचे, इतरांपासून वेगळे काढलेले’ हा त्याचा मूलार्थ होय. ‘प्रायव्हेट’ आणि ‘प्रिव्हिलेज’ हे शब्द याच कुळातील आहेत. खासगीपण आणि विशेषाधिकार या दोन कल्पना एकाच मुळातून निघाल्या, ही बाब राज्यसंस्थेच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. राजाजवळ जे खासगी असे, त्यात वाटा मिळणे हाच मोठा अधिकार होता. राजाच्या खासगी मुद्रेला ‘प्रिव्ही सील’, खासगी उत्पन्नाला ‘प्रिव्ही पर्स’ आणि विश्वासातील सल्लागारांच्या मंडळाला ‘प्रिव्ही कौन्सिल’ ही नावे त्यातूनच पडली. याच शब्दाचा शौचकूप असाही एक अर्थ इंग्रजीत रूढ झाला. आडोशाची जागा हा त्यातील समान धागा होय.

प्रिव्ही कौन्सिलच्या सभासदाला शपथ घ्यावी लागते. कौन्सिलमध्ये जे उघड केले जाईल ते गुप्त ठेवण्याचे बंधन त्या शपथेत आहे. ब्रिटनमध्ये विरोधी पक्षाच्या प्रमुख नेत्यांनाही या कौन्सिलचे सभासद करण्याची प्रथा आहे. त्यामुळे युद्ध वा सुरक्षेसंबंधीची संवेदनशील माहिती ‘प्रिव्ही कौन्सिलच्या अटींवर’ त्यांना देता येते. अशी माहिती मिळालेला नेता ती जाहीरपणे वापरू शकत नाही. गुपितात सहभागी होणे हा सन्मान आहे, तसाच तो मौनाचा करारही आहे.

प्रिव्ही कौन्सिल आणि भारत :

१७२६ च्या सनदेने मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील मेयर न्यायालयांच्या निर्णयांविरुद्ध राजा व त्याचे कौन्सिल यांच्याकडे अपिलाची वाट खुली झाली. १८३३ च्या कायद्याने कौन्सिलची न्यायिक समिती स्थापन झाली. पुढे ही समितीच हिंदुस्थानचे सर्वोच्च अपील न्यायालय ठरली. भारतीयांपैकी सय्यद अमीर अली यांची १९०९ मध्ये, सर दिनशा मुल्ला यांची १९३० मध्ये आणि मुकुंदराव जयकर यांची १९३९ मध्ये तिच्यावर नियुक्ती झाली.

महाराष्ट्राला या संस्थेचा परिचय प्रामुख्याने लोकमान्य टिळकांच्या खटल्यांतून झाला. १८९७ च्या राजद्रोह खटल्यात टिळकांच्या वतीने पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले अ‍ॅस्क्विथ यांनी बाजू मांडली. परंतु अपिलाची परवानगी नाकारण्यात आली. याउलट, औरंगाबाद येथे १९०१ मध्ये झालेल्या दत्तविधानावरून उद्भवलेल्या ताईमहाराज प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा प्रतिकूल निकाल फिरवून कौन्सिलने १९१५ मध्ये टिळकांची बाजू उचलून धरली. एकाच संस्थेचे हे दोन अनुभव मराठी वाचकांपुढे होते. त्यांच्या दृष्टीने ‘प्रिव्ही कौन्सिल’ म्हणजे विलायतेतील अखेरचे न्यायालय. ‘प्रिव्ही’ या पदातील गुप्ततेचा अर्थ त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही व पोहोचण्याचे कारणही नव्हते. कारण तेथील सुनावणी उघड होत असे.

तथापि गुप्ततेची एक खूण न्यायिक समितीत कायम राहिली. कौन्सिलमध्ये कोणाचे मत कोणत्या बाजूस पडले हे बाहेर सांगण्यास १६२७ च्या राजाज्ञेने मनाई केली होती. तोच दंडक न्यायिक समितीलाही लागू राहिला. समितीचा निर्णय तत्त्वतः राजाला दिलेला सल्ला होता आणि तो एकमुखीच असावा लागे. न्यायाधीशांत मतभेद असले तरी भिन्नमत नोंदविण्याची मुभा १९६६ पर्यंत नव्हती. हिंदुस्थानातील पक्षकाराला अंतिम निकाल मिळे. मात्र तो एकमताने झाला की निसटत्या बहुमताने, हे त्याला कधीच कळत नसे.

१० ऑक्टोबर १९४९ पासून भारतापुरती ही अधिकारिता संपुष्टात आली. नव्या सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्येच ए. के. गोपालन खटल्याचा निकाल दिला. त्यात न्यायमूर्ती फझल अली यांचे भिन्नमत प्रसिद्ध झाले. प्रजेचा नागरिक होणे म्हणजे काय, याचे हे एक छोटे परंतु बोलके उदाहरण होय.

प्रिव्ही पर्स आणि ‘तनखा’ :

संस्थानांच्या विलीनीकरणानंतर संस्थानिकांना द्यावयाच्या वार्षिक रकमांना ‘प्रिव्ही पर्स’ हे नाव देण्यात आले. इंग्लंडमध्ये हे नाव राजाच्या खासगी उत्पन्नाचे होते. भारतात मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद २९१ नुसार ही रक्कम भारताच्या एकत्रित निधीतून दिली जाई व ती प्राप्तिकरातून मुक्त होती. म्हणजे नाव खासगी, परंतु पैसा सार्वजनिक, अशी ही स्थिती होती. मराठीने येथे उसना शब्द न घेता ‘तनखा’ हा प्रतिशब्द रूढ केला. तनखा म्हणजे नेमून दिलेली रक्कम. या शब्दाने देणारा आणि घेणारा यांचे नाते उघड केले. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांच्या याचिकेवर १५ डिसेंबर १९७० रोजी सर्वोच्च न्यायालयाने संस्थानिकांची मान्यता काढून घेणारा राष्ट्रपतींचा आदेश रद्द ठरविला. त्यानंतर १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे कायमचे बंद झाले.

मराठी राज्यव्यवहारातील समांतर संज्ञा :

मराठी राज्यव्यवहाराला ही कल्पना अपरिचित नव्हती. अरबी ‘खास’पासून आलेला ‘खासगी’ हा शब्द ‘प्रिव्ही’च्या मूलार्थाशी जवळचा आहे. होळकरांच्या दौलतीत १७३४ मध्ये गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र खासगी जहागीर करून देण्यात आली. पुण्यात पेशव्यांच्या खासगीशी निगडित ‘खासगीवाले’ हे आडनावच बनले. एकांतातील मसलतीसाठी ‘खलबत’ हा शब्द होता आणि रायगडावर आजही खलबतखान्याची वास्तू दाखविली जाते. इंग्रजीतील ‘सेक्रेटरी’ या शब्दात ‘सीक्रेट’ दडलेले आहे. मराठीतील ‘चिटणीस’ मात्र लेखनाच्या कामावरून ओळखला जातो. ‘प्रिव्ही’ या विशेषणाचा अचूक भाव मराठीत ‘आतल्या गोटातला’ या प्रयोगाने व्यक्त होतो. ‘गोट’ म्हणजे लष्करी तळ. माहिती हे सत्तेच्या छावणीतील स्थानाचे फळ आहे, हे या प्रयोगातून नेमके सूचित होते.

निष्कर्ष :

प्रिव्ही कौन्सिल गेले, प्रिव्ही पर्स गेली. परंतु गोपनीयतेची शपथ राहिली. अनुच्छेद ७५ व १६४ नुसार केंद्र व राज्यातील मंत्री पदाची आणि गोपनीयतेची अशा दोन शपथा घेतात. न्यायाधीशांच्या शपथेत गोपनीयतेचा उल्लेख नाही. म्हणजेच प्रिव्ही कौन्सिलमध्ये एकत्र नांदणाऱ्या सल्ला व न्याय या दोन कार्यांपैकी न्यायाने भारतात मौन सोडले, तर सल्ल्याने ते राखले. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाने या मौनाला शिक्षेचे पाठबळ दिले. २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाने त्याला मर्यादा घातली. त्या अधिनियमात मंत्रिमंडळाच्या कागदपत्रांना सूट असली, तरी निर्णय पूर्ण झाल्यानंतर तो आणि त्याची कारणे जाहीर करण्याचे तत्त्व मान्य केलेले आहे. विचारविनिमयाच्या काळात काही मोकळीक राज्यकर्त्यांना आवश्यक असते, हे नाकारता येत नाही. मात्र ती मोकळीक निर्णयानंतरही संपत नसेल, तर नागरिक पुन्हा गोटाबाहेरचा प्रजाजन ठरतो. ‘प्रिव्ही’ या शब्दाचा इतिहास अभ्यासण्याचे प्रयोजन येथेच आहे. राज्याच्या ज्ञानात कोणाला वाटा आहे, यावरून त्या राज्याचे स्वरूप ओळखता येते.