जैन, भवरलाल हिरालाल

जैन, भवरलाल हिरालाल : (१२ डिसेंबर १९३७ – २५ फेब्रुवारी २०१६). जळगावचे उद्योजक, ‘जैन इरिगेशन सिस्टिम्स’चे संस्थापक आणि ठिबक सिंचन भारतातल्या सामान्य शेतकऱ्याच्या रानापर्यंत नेणाऱ्यांतले अग्रणी. कामगार आणि शेतकरी त्यांना ‘मोठेभाऊ’ म्हणत.

जन्म जळगाव जिल्ह्यात, जामनेर तालुक्यातील वाकोद येथे. राजस्थानातून खानदेशात आलेल्या या कुटुंबाचा पिढीजात आधार शेती आणि छोटा व्यापार हाच होता. वाणिज्य व कायदा या शाखांच्या पदव्या घेतल्यावर सरकारी अधिकाऱ्याची नोकरी चालून आली. आई गौराबाई यांच्या सल्ल्याने त्यांनी ती नाकारली. १९६३ मध्ये तीन पिढ्यांच्या बचतीचे सात हजार रुपये भांडवल घालून जळगावात रॉकेलचा व्यवसाय सुरू केला. पुढे बी-बियाणे, खते, ट्रॅक्टर, पाइप अशी शेतीला लागणारी प्रत्येक वस्तू दुकानात येत गेली. गिऱ्हाईक एकच राहिले, शेतकरी.

१९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा एक आजारी कारखाना त्यांनी तीस लाख रुपयांना घेतला आणि तिथे कच्च्या पपईच्या चिकापासून पपेन हे विकर तयार करायला सुरुवात केली. खाद्यपदार्थ आणि औषधनिर्मितीत लागणारे हे विकर निर्यात होऊ लागले. १९८० पासून पीव्हीसी पाइपांचे उत्पादन सुरू झाले. ठिबकचा ध्यास त्यांना लागला तो १९८०च्या दशकाच्या मध्यात, आणि १९८६ च्या अखेरीस ‘जैन इरिगेशन’ कंपनीची नोंदणी झाली.

ठिबक हे त्यांचे संशोधन नव्हे. इस्राएलमध्ये ते आधीच रुजले होते आणि भारतातही त्याचे प्रयोग झाले होते. पण नळ्या विकून विक्रेता निघून जाई, छिद्रे क्षाराने बुजत आणि शेतकरी पुन्हा पाटपाण्याकडे वळे. जैन यांचे खरे कर्तृत्व इथे आहे. माती-पाण्याची तपासणी, शेताची मोजणी, आराखडा, जोडणी, पिकाला खत कधी व किती द्यावे याचा सल्ला आणि नंतरची देखभाल हे सारे त्यांनी एकाच हाती ठेवले. ऊतीसंवर्धित ‘ग्रँड नैन’ केळीची रोपे दिली, पांढऱ्या कांद्यासाठी करारशेती आणली, आंब्याचा रस काढणारे कारखाने उभारले. पाणी वाचवा असे शेतकऱ्याला नुसते सांगून भागत नाही, त्या बचतीतून घरात पैसा आला पाहिजे, हे त्यांना दुकानदारीच्या काळापासून ठाऊक होते.

जळगावजवळच्या शिरसोली रस्त्यावरचे उघडेबोडके माळ त्यांनी घेतले. बांधबंदिस्ती, पाणी अडवणारी तळी आणि फळबागा यांनी ते हिरवे झाले. ‘जैन हिल्स’ या नावाने ओळखली जाणारी ही जागा शेतकऱ्यांसाठी उघडे प्रात्यक्षिक ठरली. फळप्रक्रियेतल्या टाकाऊ मालापासून वीज, सौरऊर्जा, सौरपंप हे पुढचे टप्पे होते.

१९९०च्या दशकात शेतीबाहेरच्या धंद्यांत पाऊल टाकल्याने कंपनी अडचणीत आली. जैन यांनी चूक जाहीरपणे मान्य केली, ते व्यवसाय सोडले आणि शेतीकडे परतले. भारतीय उद्योगात असा प्रांजळपणा विरळाच, म्हणून या प्रसंगाची नोंद पुरस्कारांच्या आधी करावी लागते. हृदयविकाराने त्यांना वारंवार गाठले, तरी पहाटे उठून शिवारात फेरी मारण्याचा परिपाठ सुटला नाही. साधी राहणी, कामातला काटेकोरपणा आणि कुटुंबाला धरून राहण्याची वृत्ती ही स्वभावाची ठळक अंगे. पत्नी कांताबाई यांच्या निधनानंतर लिहिलेल्या ‘ती आणि मी’ या पुस्तकात हा माणूस जवळून दिसतो. अजिंठ्याच्या परिसरातले कवी-शेतकरी ना. धों. महानोर यांच्याशी त्यांचा दीर्घ स्नेह होता. गांधीविचारांवरच्या निष्ठेतून जैन हिल्सवर ‘गांधीतीर्थ’ उभे राहिले. २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. ‘अनुभूती’ शाळाही त्यांचीच. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. निधन मुंबईत झाले.

त्यांच्या कामाच्या दोन मर्यादा अभ्यासकाने पाहिल्या पाहिजेत. ठिबकवर अनुदान मिळे ते सरकारकडून, आणि ते अडकले की कंपनीचे भांडवल अडके. विस्तारासाठी काढलेल्या कर्जाचा भार त्यांच्या पश्चात असह्य झाला आणि बँकांशी कर्जाची फेररचना करावी लागली. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. ठिबकने एकरी पाणी वाचते, पण वाचलेल्या पाण्यावर केळीचे क्षेत्र वाढले तर एकूण उपसा कमी होत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल या केळीच्या पट्ट्यात भूजल खालावत गेले आहे. किती एकर भिजवायचे, हा निर्णय नळी करत नाही. तो गावाने करायचा असतो, आणि त्यासाठीची व्यवस्था कोणत्याही कंपनीच्या आवाक्याबाहेरची आहे.